रानटर्कीची पहाट

टर्की आपण पाहिली असेल ती पाळीव. तिचे मूळ रान मात्र अमेरिकेतले. तिथे एप्रिल-मे महिन्यांत शिकारी अंधारातच रानात शिरतो. रानटर्की रात्री उंच झाडावर बसते. झुंजूमुंजू झाले की नर तिथूनच मोठ्याने साद घालतो. शिकारी घुबडाचा आवाज काढून त्याला बोलते करतो, बुंध्याला पाठ टेकून बसतो आणि लाकडी पेटीवर तिचे झाकण घासून मादीची हाक काढतो. मग हलायचे नाही. पक्ष्याची नजर फार तीक्ष्ण! अंगावर लाल, पांढरे, निळे कापडही नको. नराच्या डोक्याचे रंग तेच. दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी चुकून यायची. कित्येकदा माणूस रिकाम्या हातानेच घरी परततो.

शिकारीला परवाना लागतो, आणि या दिवसांत मारायचा तो बहुधा नरच. कारण जोडी जमल्यावर नराचे काम संपते. मादी एकटीच जमिनीवर, गवताच्या आडोशाला दहा-बारा अंडी सुमारे २८ दिवस उबवते. ती गेली की सारे घरटे गेले.

हे शहाणपण ठेच लागून आलेले आहे. बेसुमार शिकार व जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक राज्यांतून हा पक्षी नाहीसा झाला होता. १९३७ साली बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांसाठी राखण्याचा कायदा झाला. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले. ते टिकले नाहीत. रानात जगायचे कसे, हे त्यांना शिकवायला आई कुठे होती? पुढे १९५०च्या दशकात छोट्या तोफांनी जाळे उडवून रानातलेच पक्षी धरले आणि ओस पडलेल्या रानांत सोडले. ते मात्र टिकले, वाढले. आज त्यांची संख्या कित्येक लाख आहे.

आपल्या बांधावरचा तितर याच कुळातला. तोही जमिनीवरच अंडी घालतो, वाळवी व किडे वेचतो. १९७२च्या कायद्यापासून आपल्याकडे रानपाखरांना संरक्षण आहे. तितराला फास लावणे गुन्हा आहे. पण फास न लावणारे आपणही उन्हाळ्यात बांध पेटवतो, आणि गवताबरोबर घरटीही जळतात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा निदान एक बांध न पेटवता राखून पाहा. पहाटे पाणी द्यायला जाल, तेव्हा तितराची साद कानी पडली तर समजा, आपले रान अजून नांदते आहे.