बियांपासून गुलाब

गुलाबाच्या पाकळ्या गळून पडल्यावर देठाच्या टोकाशी उरलेला हिरवा फुगवटा कधी कधी वाळत नाही, उलट भरू लागतो. बोराएवढा होतो आणि तीन-चार महिन्यांत केशरी किंवा लाल पडतो. हे गुलाबाचे फळ. घरच्या बागेत ते क्वचित दिसते, कारण फूल सुकले की लगेच कात्री चालते. ते बरोबरच आहे. फळ धरले की झाड नव्या कळ्या द्यायला हात आखडते. भरगच्च पाकळ्यांच्या जातींत पुष्कळसे पुंकेसर पाकळ्याच होऊन बसलेले असतात, म्हणून त्यांना फळधारणाही कमी. एकेरी किंवा विरळ पाकळ्यांच्या गुलाबाला ती सहज होते.

रोपवाटिकेतला गुलाब कलमी असतो. रानगुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा भरला की हुबेहूब तेच फूल येते. बियांचे तसे नाही. आजचे बागेतले गुलाब अनेक पिढ्यांच्या संकरातून आलेले, त्यामुळे एकाच फळातल्या दहा बियांतून दहा वेगळी झाडे उगवतात. बहुतेक आईपेक्षा डावीच निघतात. जगभर गाजलेला पिवळट-गुलाबी ‘पीस’ मात्र याच वाटेने आला: फ्रान्समध्ये फ्रान्सिस मेयाँ यांनी १९३५ च्या सुमारास केलेल्या संकराच्या एका बीपासून. भारतात गव्हाचे शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी फावल्या वेळात अशाच संकरांतून कितीतरी नव्या जाती तयार केल्या.

संकर घरीही जमतो. अर्धवट उमललेल्या कळीच्या पाकळ्या काढायच्या, परागकोष फुटण्याआधीच चिमट्याने खुडायचे आणि कागदी पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी मधले स्त्रीकेसर चिकट झाले की दुसऱ्या जातीचे पराग रंगाच्या ब्रशने त्यांवर लावायचे. देठाला दोऱ्याने चिठ्ठी हवी, नाहीतर महिन्याभरात कोणाचे कोण ते आठवत नाही. एवढा खटाटोप नको असेल तर काम मधमाश्यांवर सोडावे. मग बाप अज्ञात राहतो.

महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आलेल्या हिवाळी बहरावर फळ धरले तर ते एप्रिल-मेपर्यंत पिकते. ते चिरल्यावर आत बारीक, खाजऱ्या केसांत रुतलेल्या टणक, टोकदार बिया दिसतात. हे केस बोटांना टोचतात. बिया चोळून धुवाव्यात, गर राहू देऊ नये. पाण्यावर तरंगणाऱ्या बिया पोकळ म्हणून फेकण्याचा प्रघात आहे, पण त्यांतल्याही काही उगवतात.

या बिया लगेच पेरल्या तर बहुधा नुसत्या पडून राहतात. कठीण कवच आणि त्यातले रोधक द्रव्य अंकुराला अडवून धरतात. थंड प्रदेशात बर्फाळ हिवाळा गेल्यावर ही अडवणूक सुटते. आपल्याकडे तो हिवाळा फ्रिजमध्ये करावा लागतो. सावलीत वाळवलेल्या बिया ऑगस्टअखेर ओलसर कोकोपीटमध्ये घालून, डबीत बंद करून, चार-पाच अंश तापमानात आठ ते दहा आठवडे ठेवाव्यात. बर्फाचा कप्पा नको. डबीवर चिठ्ठी हवीच. स्वयंपाकघरात बिननावाच्या डबीला फार आयुष्य नसते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीस रात्री गार होऊ लागल्या की पेरणी करावी. कोकोपीट आणि वाळूच्या भुसभुशीत मिश्रणात बी जेमतेम एक सेंटिमीटर खोल हवे. उगवण तीन-चार आठवड्यांत सुरू होते आणि महिनोन् महिने रेंगाळते. निम्म्याहून अधिक बिया उगवल्याच नाहीत तरी नवल नाही. आधी दोन गोलसर बीजपत्रे वर येतात, ती गुलाबाची वाटतच नाहीत. त्यामागून येणारे पहिले दातेरी पान बहुधा तीन पर्णिकांचे असते आणि तिथे ओळख पटते. या वयात मोठा धोका पाण्याचा. माती सतत चिंब राहिली की बुरशीने देठ जमिनीलगत काळवंडतो आणि रोप एका रात्रीत कोलमडते.

तीन-चार खरी पाने आली की रोपे छोट्या पिशव्यांत लावावीत. बारमाही फुलणाऱ्या जातींच्या रोपांना दोन-तीन महिन्यांतच, वीतभर उंचीवर, कळी येते. हे फूल लहान आणि पाकळ्यांना कमी असते. रंग कळतो, आकाराचा निकाल त्यावरून लावू नये. ते पाहून झाल्यावर पुढच्या कळ्या वर्षभर खुडाव्यात, म्हणजे जोर मुळांना आणि फांद्यांना मिळतो. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या वाणांची रोपे मात्र पहिल्या फुलासाठी दोन-तीन वर्षे थांबवतात.

वर्षाच्या रोपाला बारा इंची कुंडी किंवा निचऱ्याची जमीन, रोज पाच-सहा तास ऊन आणि शेणखताबरोबर थोडी निंबोळी पेंड पुरते. हिवाळ्यात पानांवर भुरी येते, पावसाळ्यात काळे ठिपके. नाजूक रोपे याच चाळणीतून गळतात आणि सतत फवारे मारून ती जगवण्यात अर्थ नाही. खरा आकार, सुगंध आणि बहराची सवय दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ठरते. फूल मनात भरले तर त्याचा डोळा खुंटावर भरून झाडे वाढवता येतात. फूल सामान्य निघाले, पण झाड दणकट असेल, तर तेच खुंट म्हणून वापरून त्यावर दुसऱ्या गुलाबाचा डोळा भरता येतो.