यो-योचे संथ पतन

हातातून सुटलेला दगड एक मीटर अंतर अर्ध्या सेकंदाच्या आतच कापतो. परंतु आसाभोवती दोरा गुंडाळलेला यो-यो, दोऱ्याचे टोक स्थिर धरून सोडला असता, तेवढेच अंतर उतरावयास जवळजवळ दोन सेकंद घेतो, याचे कारण असे की, गुरुत्वाकर्षणाकडून मिळालेल्या ऊर्जेचा अत्यल्प हिस्सा अधोगतीच्या खाती जमा होतो आणि बाकी सारी रक्कम परिवलनाकडे वर्ग होते. चकतीची त्रिज्या ३ सेंटिमीटर, आसाची अर्धा सेंटिमीटर आणि वस्तुमान चकतीत सर्वत्र सारखे विभागलेले धरले, तर तिचे त्वरण गुरुत्वत्वरणाचा अवघा एकोणिसावा भाग भरते, आणि दोऱ्यावर वजनाच्या १८/१९ इतका ताण राहतो. आस जितका बारीक, तितके पतन संथ. आकार तोच ठेवून वजन दुप्पट केले, तरी त्वरणात तिळमात्र फरक पडत नाही. याहूनही विलक्षण बाब मला ही वाटते की, तळाशी दोरा संपून क्षणभर जोराचा हिसका बसल्यावर, साठविलेल्या परिवलनाच्या बळावर चकती वर चढू लागते, तेव्हाही तिचे त्वरण पूर्वीइतकेच आणि खालच्याच दिशेचे असते. वेग तेवढा ऊर्ध्वगामी झालेला असतो, आणि म्हणूनच तो क्रमाक्रमाने क्षीण होत जातो.