काठी खाली येईपर्यंत थांब!

सुट्टीत कॉलेजातला भाचा घरी आला होता. एरवी आमचं बोलणं ‘अभ्यास कसा चाललाय?’ इथेच संपतं. त्या दिवशी ‘एल्डन रिंग’ (२०२२) मधला मार्गिट मला सलग लोळवत होता. शेवटी भाच्याला राहवेना. “मामा, काठी उचललेली दिसली की तू पळतोस. ती खाली येईपर्यंत थांब ना!”

खरं होतं. मार्गिट काठी उगारून मुद्दाम थांबतो. घाबरून आधीच लोळलं, की उठताना फटका बसतो. लोळताना जेमतेम अर्धा सेकंद आपल्याला काही लागत नाही. घाव नेमका त्या वेळात यावा लागतो. मागे पळण्यापेक्षा त्याच्या बगलेतून पुढे निसटणं बरं. अंगावरचं ओझं क्षमतेच्या ७० टक्क्यांवर गेलं, की लोळणंही जड होतं. मी चिलखत उतरवलं.

दुसरी चूक लॉक-ऑनची. लॉक केलं, की कॅमेरा एकाच शत्रूवर खिळतो. १९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये एकावर नजर लावली, की बाकीचे जरा दम धरायचे. इथे कोणी थांबत नाही. म्हणून समोर एकटा असेल तर लॉक ठेवा. घोळका असेल तर सोडा, आजूबाजूला बघा.

मार्गिट पडला तेव्हा ताईच्या जेवणासाठी दोन हाका होऊन गेल्या होत्या. ताटावरही आम्ही दोघं बोलतच होतो. अभ्यासाचा विषय निघालाच नाही.