सीॲक्सची टेकडी

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, वायव्येच्या दुर्गम मुलखात, सीॲक्स नावाची टेकडी आहे. उंची जेमतेम 70 मीटर! भूगर्भातून उसळलेल्या शिलारसाचे थेंब हवेतच गोठले व मुखाभोवती त्यांची रास साचली. तीच ही टेकडी. परंतु सुमारे 1700 साली तिच्यातून वाहिलेल्या लाव्हाने नॅस नदीला उत्तरेकडे लोटले व निस्गा लोकांची गावे गाडली. सुमारे 2000 माणसे दगावली, असे त्यांची परंपरा सांगते. मुलांनी सॅमन माशांचा छळ मांडला, म्हणून हा कोप झाला, अशी त्यांची कथा आहे. कारण कोणी मानो वा न मानो. पण आजोबांनी नातवंडांस सांगत आणलेली ती आठवण खडकांतील पुराव्याशी जुळते. 1992 पासून तो शेवाळलेला लाव्हा स्मृति-उद्यान म्हणून राखलेला आहे.