काइटबोर्डिंग : आधी वारा, मग खरेदी

संक्रांतीच्या सुमारास नांदेड किंवा लातूरच्या गच्चीवर पतंग उडविणाऱ्याला वाऱ्याची ओढ नवी नसते. मांजा बोटाला काचतो, ढील दिली की पतंग सैलावतो. हीच ओढ शेकडो पटींनी वाढवून तिच्या जोरावर पायाखालच्या फळीसह पाण्यावरून धावण्याचा खेळ म्हणजे काइटबोर्डिंग. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच बंधूंनी १९८४ मध्ये हवा भरून फुगविता येणाऱ्या, पाण्यात पडला तरी पुन्हा उठणाऱ्या पतंगाचे पेटंट घेतले आणि या खेळाचा पाया घातला गेला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मार्सेय येथील समुद्रात या खेळाच्या शर्यती प्रथमच झाल्या. तेव्हापासून समुद्र न पाहिलेल्या गावांतील तरुणांनाही त्याची ओढ वाटू लागली, तर नवल नाही.

मराठवाड्यातील उत्साही मंडळींची नजर साहजिकच जवळच्या जलाशयांकडे वळते. नांदेडजवळ गोदावरीवरील विष्णुपुरीचा शंकरसागर जलाशय आहे, तर लातूरकरांसाठी बीड जिल्ह्यातील धनेगावचे मांजरा धरण. दोन्ही ठिकाणी पाणी दिसते, वाराही लागतो; मग अडचण कोठे? अडचण वाऱ्याच्या स्वभावात आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत अडथळा नसतो, त्यामुळे तो एकसारखा वाहतो. जमिनीवरून येणारा वारा टेकड्या, झाडे, इमारती यांना धडकून तुटक होतो. क्षणात पडतो, क्षणात उसळतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगावरील जोर चौपट होतो, हे गणित येथे जिवावर बेतू शकते. १२ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटरच्या वाऱ्यात सुखाने हाताळता येणारा पतंग २४ नॉटच्या झोतात माणसाला उचलून काठावर आपटू शकतो. एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसापूर्वी सुटणारा सोसाट्याचा वारा आणि त्यामागोमाग येणाऱ्या विजा मराठवाड्याला चांगल्याच परिचित आहेत. क्षितिजावर ढग दाटले की पतंग जमिनीवरच ठेवावा.

शिवाय ही धरणे पिण्याच्या पाण्याची आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा मांजरा धरण कोरडे पडले होते. जेथे पाणीच भरवशाचे नाही, तेथे खेळाचा हंगाम ठरविणे कठीण. पाणी ओसरले की काठाशी चिखल आणि काटेरी झुडपे उघडी पडतात, मासेमारीची जाळी आणि जवळून गेलेल्या विजेच्या तारा यांचा धोका वेगळाच. जलसंपदा विभागाच्या परवानगीचा प्रश्न तर आहेच. आणि पतंग मध्यभागी पाण्यात पडला, तर सोडवायला नाव कोण आणणार?

म्हणून सुरुवात घराजवळच्या मोकळ्या मैदानावर, पण सरावाच्या लहान पतंगाने करावी. दोन ते तीन चौरस मीटरचा, हवेच्या नळ्या नसलेला, दोन दोऱ्यांचा पतंग पुरतो. खांब, तारा, रस्ता आणि बघ्यांची गर्दी यांपासून दूर, मंद वाऱ्यात तो उडवावा. पतंग डोक्यावर असताना ओढ कमी आणि समोर खाली येताच ती एकदम वाढते, हे हाताला कळले की निम्मे शिक्षण झाले. येथे मांजा मात्र वर्ज्य! या पतंगाच्या दोऱ्या काच न लावलेल्या, अतिशय बळकट कृत्रिम धाग्याच्या असतात आणि ताणाखाली त्याही कातडी कापतात.

पुढचा टप्पा समुद्रकिनारी, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. गोव्यात मोरजी-आश्वे किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो. पावसाळ्यात तेथील जलक्रीडा बंद असतात. रामेश्वरम परिसरात मात्र पावसाळ्यात नैऋत्येचा आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा मिळतो आणि पाणी उथळ असल्याने नवशिक्याला पाय टेकता येतात. पतंगाच्या ओढीने पाण्यातून अंग सरकविणे, पतंग सोडून देणे, दोऱ्या गुंडाळून स्वतः काठाला येणे, हे सारे फळीवर उभे राहण्याआधी शिकविले जाते. प्राथमिक अभ्यासक्रमाला साधारण नऊ ते बारा तास लागतात. पोहता येणे ही पहिली अट.

खरेदीचा विचार त्यानंतरच. प्रशिक्षणात साहित्य मिळतेच, शिवाय आपल्या वजनाला कोणता पतंग पेलतो हे तेथेच कळते. सुमारे ७५ किलो वजनाच्या माणसाला १५ नॉटच्या आसपास १२ चौरस मीटरचा पतंग चालतो. वारा २० नॉटच्या पुढे गेला की नऊचा लागतो. वजन कमी तसा पतंग लहान. फळी मात्र थोडी मोठी, १४० सेंटिमीटरच्या आसपासची घ्यावी. ती कमी ओढीतही तरंगती राहते. हेल्मेट, तरंगण्यास मदत करणारे जाकीट आणि दोरी कापण्याचा आकडीवजा चाकू यांत काटकसर नको.

नव्या संचाची किंमत लाखांच्या घरात जात असल्याने जुन्याचा मोह होतो. जुने घेण्यात गैर काही नाही. पण २००५ पूर्वीच्या घडणीचा पतंग फुकट मिळाला तरी घेऊ नये. दांडी पुढे ढकलताच ओढ जवळजवळ नाहीशी होण्याची सोय त्यानंतरच रूढ झाली. विकत घेण्यापूर्वी पतंग फुगवून काही तास ठेवावा, चारही दोऱ्या ताणून त्यांची लांबी जुळते का पाहावे आणि संकटकाळी पतंग सोडणारी कळ स्वतः ओढून पाहावी. ती अडखळली, तर दुरुस्त होईपर्यंत सौदा थांबवावा. घरी आणल्यावर मराठवाड्याच्या उन्हापासून त्याला जपावे लागते. मे महिन्यात बंद मोटारीत ठेवलेल्या पतंगाच्या हवेच्या नळ्यांचे डिंकाचे सांधे सुटतात आणि ते कळते ते थेट पाण्यात.