दिवसाकडून रात्रीकडे : ब्रिटिश बॉम्बर दलाची पहिली दोन वर्षे

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा बॉम्बर कमांडची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाने १९३६ मध्ये बॉम्बफेकी विमानांसाठी उभारलेल्या स्वतंत्र विभागाची, भिस्त एका गृहीतकावर होती : विमाने दाट रचनेत उडाली तर सर्वांच्या मशीनगनांचा एकत्रित मारा शत्रूच्या लढाऊ विमानांना दूर ठेवील आणि दिवसाढवळ्याही लक्ष्य गाठता येईल. ४ सप्टेंबरला जर्मन युद्धनौकांवर केलेल्या पहिल्याच हल्ल्यात सात विमाने गमावली, तरी हा विश्वास ढळला नाही. १८ डिसेंबरला विल्हेल्म्सहाफेनच्या नाविक तळाकडे निघालेल्या २४ वेलिंग्टन विमानांपैकी दोन वाटेतून परतली, उरलेल्या २२ विमानांचा सुगावा जर्मन रडारला दूरवरूनच लागला आणि त्यांतील १२ नष्ट झाली. वेलिंग्टनच्या नाकात व शेपटीत टरेट, म्हणजे बंदुका बसवलेले फिरते मनोरे, होते. परंतु त्यांचा मारा थेट बाजूला पोहोचत नसे, आणि जर्मन वैमानिकांनी नेमकी हीच बाजू हेरली. गोळीचे छिद्र आपोआप बुजवणारे अस्तरही इंधनाच्या टाक्यांना नव्हते. रचना विस्कळीत झाल्याचा दोष काही वरिष्ठांनी वैमानिकांकडे ढकलला, तो अन्यायाचा होता. चूक सिद्धान्ताची होती आणि तिची किंमत मात्र विशीतल्या तरुणांनी मोजली.

यानंतर जड बॉम्बर मुख्यतः रात्री उडू लागले. रात्रीचा अनुभव होता तो व्हिटली विमानांच्या दलांना, कारण युद्धाच्या पहिल्याच रात्रीपासून ती जर्मनीवर प्रचारपत्रके टाकत होती आणि त्या थंडीत दलातील माणसांना हिमदंश होत होता. हलक्या विमानांचे दिवसाचे हल्ले थांबले नाहीत : १४ मे १९४० रोजी फ्रान्समधील सेदाँ येथील पुलांवर पाठवलेल्या सुमारे ७० बॅटल व ब्लेनहाइम विमानांपैकी जवळपास ४० परतली नाहीत.

अंधाराने संरक्षण दिले, पण वाट हिरावून घेतली. वेग, दिशा, उडण्याचा वेळ आणि वाऱ्याचा अंदाज यांवरून जागा ठरवण्याची पद्धत ढगांवरून तासन्‌तास उडताना सहज चुके, आणि जर्मनीपर्यंत साथ देणारे रेडिओ साधन तेव्हा दलांच्या हाती नव्हते. विमानांतून घेतलेली सुमारे ६५० छायाचित्रे तपासून डी. एम. बट यांनी ऑगस्ट १९४१ मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद करणाऱ्या विमानांपैकी तिनांतील एकच त्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचले होते, आणि धुराने झाकलेल्या रूर या औद्योगिक प्रदेशावर तर दहांतील एकच.