घर घ्यायचे तर पावसाळ्यात पाहा

गेल्या आषाढात सात वर्षांच्या नातवाला घेऊन एक आजी दवाखान्यात आल्या. रात्रीचा खोकला, छातीत घरघर. औषधाने चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. अखेर मी विचारले, “झोपतो कुठे?” त्या म्हणाल्या, “नव्या घरात, खाली जमनीर.”

मी ते घर पाहून आलो. समुद्राजवळचे बैठे घर, मे महिन्यात विकत घेतलेले. तेव्हा भिंतींना ताजा रंग होता. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओल गुडघ्याएवढी चढली आणि कपाटामागे काळी बुरशी धरली.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभा चिरा सच्छिद्र. समईची वात तेल ओढते तसा तो जमिनीतले पाणी वर ओढतो. देवबाग-तारकर्लीसारख्या खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यात तर पाणी फार खोल नसते. म्हणून जुनी माणसे जोते उंच बांधीत आणि पडवी काढून भिंत झडीपासून वाचवीत.

ओलीने संधिवात होतो, ही समजूत खरी नाही. मात्र गारठ्यात जुने दुखणे जास्त जाणवू शकते. खरा धोका श्वसनाला आहे. ओल व बुरशी असलेल्या घरांत दमा, ॲलर्जी आणि श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली आपल्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे.

म्हणून वाचकहो, घर पावसाळ्यात पाहा. ते जमत नसेल तर निदान एवढे तपासा. बंद कपाट उघडून वास घ्या. भिंतीच्या तळाशी लोणा किंवा रंगाचे पोपडे आहेत का, ते पाहा. अंगण जोत्याच्या बरोबरीला आलेले नसावे आणि त्याचा उतार घरापासून बाहेर असावा. फरशीवर हातभर प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. खालच्या बाजूला पाणी साचले, तर ओल जमिनीतून येते आहे. त्यावर नुसता रंग हा उपाय नव्हे.

अशा घरात राहत असाल तर खाटेवर झोपा आणि खाट भिंतीपासून हातभर दूर ठेवा. निजायच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. पावसाने उघडीप दिली की खिडक्या उघडा. बुरशी कोरडी झाडू नका. नाकातोंडाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसा. हे काम दमेकऱ्याने करू नये. घरघर लागली तर डॉक्टरांना दाखवा.

आजींनी नातवाची खाट मधल्या कोरड्या खोलीत हलवली आहे. औषध चालू आहे, झोप लागते. घराची ओल मात्र अजून तिथेच आहे, आणि ती काढायला आता घराच्या किमतीवर आणखी पैसे घालावे लागणार आहेत.